एक्क्याण्णवची भिंत

१

श्रीपतरावांच्या बाजूनं हिशेब मांडला तर तो असा होता. जाणार होतं काय? खटकचिंचोळीच्या रस्त्याला लागून असलेला, वाचनालयाची खोली उभी असलेला जमिनीचा एक तुकडा, ज्यावर त्यांच्या पोराचा, शिवराजचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचा डोळा होता. आणि पदरात पडणार होतं काय? एक खिळा. वाचनालयाच्या भिंतीतला डावीकडून पाचवा.

ज्याला हा सौदा तोट्याचा वाटतो त्यानं गावकी कधी केली नसावी. त्या खिळ्यावर श्रीपतरावांचे आजोबा वीरभद्रप्पा लटकणार होते, बाबासाहेबांच्या रांगेत. एवढं झालं की भीमजयंतीच्या मंडपातली पुढची खुर्ची मरेपर्यंत कायम, पंचायतीच्या निवडणुकीत बौद्धवाडा मागं उभा, आणि वर दानशूर म्हणून नाव. राजपाल म्हणायचे, "अण्णानं जमीन दिली न्हाई, बदलून घेतली."

राजपाल सहकार खात्यातले निवृत्त लेखापरीक्षक, वाचनालयाचा कारभारही त्यांच्याच हातात. उभी हयात सोसायट्यांची तपासणी करण्यात गेली, त्यामुळं सवय अशी जडली होती की घरात पाहुणा आला तरी मनात पहिला प्रश्न यायचा: ह्याच्यात कुणाच्या पदरात काय पडलं? शिवाय बसल्या जागी उजवा पाय हलवायचा. पाय जितका जोरात हलेल तितकी भानगड मोठी, असं त्यांची बायको सुभद्राबाई सांगायची.

भिंतीची कल्पना मात्र दीपमालाबाईंची. भालकीहून रोज बसनं येणाऱ्या ह्या हायस्कुलातल्या बाई. त्यांचं म्हणणं, बाबासाहेब अठराशे एक्क्याण्णवला जन्मले हे पोरांना तोंडपाठ आहे, पण त्या वर्षानं जगाला आणखी काय दिलं ते कुणी सांगावं? म्हणून चार चौकटी आधीच लागल्या होत्या. पहिले बाबासाहेब. मग दगडात गाडलेली झाडं वाचणारे बिरबल साहनी. मग अणूच्या पोटातला न्यूट्रॉन शोधणारा चॅडविक. आणि इन्सुलिन शोधणाऱ्यांतला बँटिंग. साहनी आणि बँटिंग तर एकाच दिवशी जन्मलेले, चौदा नोव्हेंबरला. म्हणून उद्घाटनही चौदा नोव्हेंबरलाच.

सुभद्राबाईला रोज सुई लागायची. बँटिंगपुढं उभी राहून तिनं हात जोडले होते. "ह्या गोऱ्या बाबाच्या सुईवर म्या जगायलेय. ह्याला हार दोन घाला."

पाचवे वीरभद्रप्पा. निजामाच्या अमदानीत त्यांनी स्वतःच्या मळ्यातली विहीर अस्पृश्यांना खुली केली होती, आणि त्यापायी स्वतःच्या भावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. माणूस मोठा होता, त्यात वाद नव्हता. वाद होता सालाचा. दीपमालाबाई म्हणाल्या, "पुरावा?" तेव्हा श्रीपतरावांनी घरातून एक पितळी तांब्या आणला. काठावर कोरलेलं: *वीरभद्र. चैत्र, फसली १३००.* बारशाला मामानं दिलेला. निजामाच्या राज्यात साल फसलीच चालायचं, इसवीपेक्षा पाचशे नव्वद-एक्क्याण्णव वर्षांनी मागं. राजपालनी मनातल्या मनात बेरीज केली आणि मान हलवली. "चैत्र तेराशे म्हणजे एक्क्याण्णवचा एप्रिल. बरोबर हाय."

"महिनासुदिक बाबासाहेबांचाच!" श्रीपतरावांच्या भावकीतला नागनाथ म्हणाला होता, आणि श्रीपतराव नुसतेच हसले होते.

मग त्यांनी फोटोच्या आकारावरून महिनाभर डोकं खाल्लं. "बाबासाहेबांपेक्षा मोठा नको. पण बोटभर ल्हान बी नको." घरातला जुना फोटो पोस्टकार्डाएवढा. तो नौबादच्या स्टुडिओत मोठा करायला दिला. बारा तारखेच्या संध्याकाळी राजपालची नात प्रेरणा तो घेऊन आली. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास ती ह्याच वाचनालयात करायची, सकाळी कुलूप तीच उघडायची, रात्री तीच लावायची.

तिनं फोटोवरचा कागद सोडला तेव्हा समोर पाचजण होते: राजपाल, दीपमालाबाई, श्रीपतराव, शिवराज आणि नागनाथ.

"दुकानदार म्हणला, नाकावर डाग पडलाय, काढू का?" प्रेरणा सांगत होती. "म्या म्हणलं, जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

श्रीपतरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी नवा चष्मा लावून फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला. "लई मोठा झाला की," एवढंच म्हणाले, आणि समोरचा चहा तसाच टाकून घरी गेले. मागं राहिलेल्यांनी फोटो चौकटीत घालून पाचव्या खिळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी तेरा तारीख. सकाळी राजपाल दाढीला साबण लावत होते तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, अप्पा गेले!"

"कोण अप्पा?"

"भिंतीवरले. चौकट हाय. काच हाय. आतले अप्पा न्हाईत."

२

चोरीच्या जागी माणसं जमायला गावात भोंगा लागत नाही. राजपाल पोचले तेव्हा रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत कारखान्याकडं निघाले होते आणि त्या गोंगाटावर आवाज चढवून शिवराज बोलत होता.

"किल्ली कुणाकडं? हिच्याकडं. फोटो आणला कुणी? हिनं. रात्री कुलूप लावलं कुणी? हिनंच की!"

प्रेरणा दाराशी उभी होती. पुस्तक छातीशी धरलेलं.

"दुसरी किल्ली दाराच्या चौकटीवर असती, शिवराज," राजपाल म्हणाले. "गावातल्या शेंबड्या पोराला बी ठावं हाय."

"ते म्हैत न्हाई काका. संध्याकाळपस्तोर फोटो आला तर ठीक. न्हाईतर उद्या पोलिसात अर्ज देतो, नावानिशी. आन् अट तुमाला ठावं हाय. अप्पा भिंतीवर न्हाई तर जागेची रजिस्ट्री न्हाई."

किल्ली सगळ्या गावाला ठाऊक होती हे खरं. पण आळ घालायला गावाला एकच नाव लागतं. आणि ज्या पोरीला उद्या सरकारी नोकरीचा अर्ज भरायचा आहे तिच्या नावावर पोलिसाचा कागद म्हणजे काय, हे राजपालना कुणी समजावायला नको होतं. वाचनालय आणि नात, दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेली होती.

श्रीपतराव कोपऱ्यात बाकावर बसलेले. टोपी मांडीवर. नजर टोपीवर.

राजपाल भिंतीजवळ गेले. रिकामी चौकट सरळ रेषेत लटकत होती. त्यांनी ती खाली घेतली. मागच्या पुठ्ठ्याचे बारके खिळे उचकटून पुन्हा नीट ठोकलेले. चोरानं फोटो काढला, चौकट परत जोडली, जागेवर लावली, आणि वाकडी तर नाही ना हेही पाहिलं असावं. एवढा टापटिपीचा चोर राजपालनी सहकार खात्यातसुद्धा पाहिला नव्हता.

चौकट वर्गणीची होती. फोटोचा खर्च मात्र श्रीपतरावांनी केला होता.

त्यांनी काच खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. वरच्या अंगाला, जिथं अप्पांचं कपाळ येत असणार तिथं, पुसट पांढऱ्या तीन आडव्या रेषा होत्या. बोटांनी ओढलेल्या. राजपालनी करंगळी लावून पाहिली. विभूती.

उद्घाटन व्हायच्या आधी फोटोला विभूती कोण लावेल?

चोरानं आधी दर्शन घेतलं होतं, मग चोरी केली होती.

राजपालचा पाय उभ्या उभ्या हलायला लागला.

३

दीपमालाबाई शाळेच्या व्हरांड्यात सापडल्या. उद्याच्या पाट्या रंगवत होत्या, बोटाला निळा रंग.

"माझ्यावर संशय आहे ना, सर? असू द्या. त्या सालाबद्दल मला पहिल्यापासून शंका होती, हे सगळ्यांसमोर बोललेय मी."

"शंका कामून होती?"

"तांब्या खरा आहे. पण तांब्या म्हणजे जन्मदाखला नव्हे. तुम्ही लगेच मान हलवलीत."

हे टोचलं, कारण खरं होतं. पण बाईंचा हिशेब राजपालच्या मनात जुळत नव्हता. त्यांना अप्पा नको असते तर त्यांनी भांडण केलं असतं, बैठक बोलावली असती, ठराव मांडला असता. बाई विभूती लावून चोरी करणाऱ्यातल्या नव्हत्या. शिवाय काल संध्याकाळच्या शेवटच्या बसनं त्या भालकीला गेल्या होत्या आणि आज सकाळी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडत उतरल्या होत्या. बस भरून साक्षीदार.

बसस्टँडवर नागनाथचं झेरॉक्सचं दुकान. आधार कार्ड, जमिनीचा उतारा, लग्नपत्रिका, काय हवं त्याची नक्कल. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे.

"या साहेब. मला ठावंच होतं तुमी येताल." त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "गावात म्हणायलेत नागनाथनंच केलं. कामून? तर ईर्ष्या! विहीर खांदली माझ्या आजानं, बसलिंगनं. पाठीवर माती व्हायली त्यानं. नाव कुणाचं? वीरभद्रप्पाचं."

"मग राग हाय की."

"राग हायच. पण साहेब, म्या झेरॉक्सवाला. फोटो चोरून मला काय मिळणार? स्टुडिओत फाइल असती. दुपारपस्तोर दुसरा निघतो. तिसरा निघतो. माझ्या दुकानात येणारं बारकं पोरगं बी हे सांगंल." तो हसला. "वस्तू चोरीला जाती. कॉपी कशी चोरीला जाईल?"

राजपाल स्टुलावरून उठले, पुन्हा बसले. पाय थांबला होता. हे असं क्वचितच व्हायचं.

"पुन्हा म्हण."

"काय म्हणू?"

"ऱ्हाऊ दे. चहा पाज."

शिवराजच्या हातात तर अष्टौप्रहर मोबाईल. लग्नात जेवणापेक्षा फोटो जास्त काढणारा तो गडी. उद्घाटन मोडायचं असतं तरी एक फोटो चोरून ते मोडणार नाही, हे त्यालाही कळत होतं. आळ घालायची आयती संधी मिळाली ती त्यानं घेतली, एवढंच. घरातली विभूतीची डबी कुठल्या फळीवर असते हेसुद्धा त्याला विचारून सांगावं लागलं असतं.

म्हणजे चोर असा, ज्याच्या लेखी फोटो एकच असतो. गेला की गेला.

चहाचा ग्लास ठेवून राजपाल उठत होते तेवढ्यात दारात श्रीपतराव येऊन उभे राहिले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"राजपालराव, कशाला पोरीला तरास? हे घ्या." रुमालात पोस्टकार्डाएवढा जुना फोटो. "हाच लावा. साल तेच, माणूस तोच. म्या उद्या सही करतो. कुणी पोलिसात जायचं न्हाई, शिवराजला म्या सांगतो."

"अण्णा, स्टुडिओतून दुसरा मोठा मागवतो की. संध्याकाळपस्तोर येतो."

"नको!" आवाज एवढा चढला की झेरॉक्ससाठी उभी असलेली बाई मागं वळून पाहायला लागली. "अपशकुन झालाय. मोठा आता नको."

आणि रुमाल तिथंच काउंटरवर ठेवून ते उन्हात निघून गेले.

ज्या माणसानं बोटभरासाठी महिनाभर गाव डोक्यावर घेतलं, तो आज वीतभर कमी घ्यायला तयार होता. वर सहीही द्यायला तयार.

४

"मग घ्या की तो ल्हाना फोटो," सुभद्राबाई भाकरी थापत म्हणाली. "पोरगी सुटली, जागा मिळाली. तुमचं काय जायलंय?"

राजपाल उंबऱ्यात बसले होते. पाय पुन्हा चालू. "तेच बघायलोय. सगळ्यांचं भलं व्हायलंय आन् कुणाचंच काही जायलं न्हाई, असा हिशेब म्या नोकरीत जव्हा जव्हा पाहिला तव्हा खाली कुणीतरी पुरलेलं निघालंय."

"मेल्या सवयी."

"चोराला अप्पा नको न्हवते, सुभद्रा. ल्हाने अप्पा तर तो हातानं द्यायलाय. त्याला मोठे अप्पा नको होते."

आत प्रेरणा भिंतीकडं तोंड करून बसली होती. दुपारची जेवली नव्हती. बसस्टँडवरच्या दोन मैत्रिणींनी आज तिला हाक मारली नव्हती, एवढंच तिनं आजीला सांगितलं होतं.

"पोरी, स्टुडिओवाल्याला फोन कर. फाइल मोबाईलवर धाड म्हणावं."

फाइल यायला तिळभर वेळ लागला नाही. राजपालनी चष्मा वर केला आणि प्रेरणानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. फेटा. मिशा. खोल डोळे. मग नाक.

"हा बघा आबा, डाग."

डाग नव्हता तो. उजव्या नाकपुडीवर बारीक, गोल, कडा वळलेलं भोक होतं. सुई घालून पाडलेलं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं. पोस्टकार्डात ते शाईच्या टिंबाएवढंही दिसत नव्हतं.

"बाप्याच्या नाकात भोक?" प्रेरणा म्हणाली.

राजपालना त्यांचा थोरला चुलता आठवला. उकिर्डा त्याचं नाव. त्याच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवला, नाक टोचून त्यात नथनी घातली. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, ही पोरगी आहे, आणि तीही टाकून दिलेली. ह्या मुलखात ही चाल सगळ्या जातींत होती. मरणापुढं सगळे सारखेच घाबरायचे.

"म्हणजे अप्पा पहिले न्हवते," ते हळू म्हणाले. "त्यांच्या आधी कुणीतरी गेलेलं."

सुभद्राबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कोण, तिप्पाण्णा व्हय?"

"कोण तिप्पाण्णा?"

"अवो, तीच विहीर की! माझी सासू कधी वीरभद्रप्पाची विहीर म्हणली न्हाई. तिप्पाण्णाची विहीर म्हणायची. तिप्पाण्णानं पाणी दिलं म्हणायची."

राजपाल जन्मभर समजत होते की तिप्पाण्णा म्हणजे विहीर खणणारा कुणी वडार असावा. आता ते उठून उभे राहिले. कन्नडात तिप्पे म्हणजे उकिरडा. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ह्या गावात बाजार कन्नडात होतो, भांडण दख्खनीत आणि रडणं मराठीत. फक्त त्यांनी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

"आन् तांब्यावर तर वीरभद्र कोरलंय," प्रेरणा म्हणाली. "मग तो तांब्या कुणाचा?"

उत्तर तिघांनाही एकदमच कळलं असावं, कारण करपणाऱ्या भाकरीकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही.

"आता?" शेवटी सुभद्राबाई म्हणाली. "हे बाहेर काढताल तर श्रीपतअण्णाचं नाक जातंय. नाक गेलं की जागा बी जाती."

"आन् न्हाई काढलं तर?"

तिनं नातीकडं पाहिलं. प्रेरणा पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"तर पोरगी जन्मभर चोर," सुभद्राबाई म्हणाली. "फोटो सापडलाच न्हाई ना. अण्णानं दया केली म्हणून सुटली, असंच म्हणणार गाव. जावा तुमी. जागा गेली तर जाऊ द्या."

५

श्रीपतराव विहिरीच्या काठावर बसलेले सापडले. उतरतं ऊन, मळ्यात ऊसतोड चाललेली, पाचोळा उडून पाण्यात पडत होता. राजपाल शेजारी बसले. बराच वेळ दोघांनी ट्रॅक्टरच्या गाण्यांना नावं ठेवली.

मग राजपाल म्हणाले, "अण्णा, चौकट कामून परत लावलात?"

श्रीपतरावांनी मांडीवरचा पाचोळा झटकला. नाकारलं असतं तर राजपालकडं पुरावा म्हणून धरता येईल असं काहीच नव्हतं. विभूती भावकीतल्या कुणाचीही असू शकते. पण चौकट परत लावणारा माणूस खोटं बोलायला कच्चा असतो, यावर त्यांनी भिस्त ठेवली होती.

"चौकट गावाची," श्रीपतराव म्हणाले. "मला काय हक्क?"

"फोटो जाळलात?"

"येडे का काय! अप्पाला जाळू?" ते दचकलेच. "देवघरात हाय. बसवण्णाच्या तसबिरीमागं."

"नाक बघून घाबरलात."

"ल्हानपणी त्या भोकावर बोट ठेवायचो म्या. विचारलं होतं एकदा. अप्पा म्हणले, माझ्या आधी तिघं गेले. पहिला वीरभद्र, पाळण्यातच गेला. मग दोघं. मग मी. सात-आठ वर्षांचा फरक पडला. आईनं पहिल्याचंच नाव मला ठेवलं, देवाला कबूल केलं होतं म्हणून. पण हाक तिप्पा. मरणानं वळखू नये म्हणून." त्यांनी चष्मा पुसला. "तांब्या त्या पहिल्याचा. मोडीत घाल म्हणलं कुणी तर ती माउली अंगावर यायची म्हणं."

"मग हे सगळं ठावं असून तुमी एक्क्याण्णव म्हणलात."

"म्या म्हणलो?" श्रीपतराव पहिल्यांदाच वळले. डोळ्यांत पाणी होतं पण आवाजात जुना बेरकीपणा. "आठवा राजपालराव. म्या तांब्या आणून ठेवला. एक्क्याण्णव तुमी म्हणलात. म्या नुसता गप बसलो. इतकी वर्षं सायब लोकांनी तपासलं तेच खरं धरत आलो आमी."

राजपालनी हे पोटात घातलं. व्हाउचर खरं होतं, सही खरी होती, फक्त माणूस दुसरा होता. अशा एका चुकीपायी त्यांनी एकेकाळी एका सोसायटीच्या सेक्रेटरीला घरी बसवलं होतं.

"मान्य. ते माझ्या नावावर. पण अण्णा, तुमच्या गप बसण्याची नोंद सकाळपासून माझ्या नातीच्या खात्यावर पडायलीय. ती तिथं ऱ्हाऊ देणार न्हाई म्या."

"मग काय करताल? गावाला सांगताल?"

"म्या सांगणार न्हाई. उद्या तुमी सांगायचं."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर उद्या उद्घाटन व्हायचं न्हाई. जागा तुमची, खोलीला कुलूप लावू. पोरं झाडाखाली बसून वाचतील."

"जागेवर पाणी सोडताल? एका पोरीपायी?"

"अप्पानं भावकीवर सोडलं की. एका विहिरीपायी."

वाऱ्यानं पाचोळ्याचा लोट उठला. श्रीपतरावांनी टोपी घट्ट धरली आणि ते उठून घराकडं चालू लागले. राजपाल घरी आले तेव्हा सुभद्राबाईनं त्यांच्या पायाकडं पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

६

चौदा तारखेला मंडप भरला. पाचवी चौकट रिकामी. शिवराज पुढच्या रांगेत, खिशात अर्जाचा कागद दिसेल असा ठेवलेला. प्रेरणा आली नाही म्हणून राजपाल स्वतः जाऊन तिला घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसवलं, शिवराजच्या शेजारच्याच खुर्चीत. तो उठून दुसरीकडं गेला.

श्रीपतराव आले नव्हते.

दीपमालाबाईंनी प्रास्ताविक लांबवलं. साहनींवर बोलल्या, बँटिंगवर बोलल्या, चॅडविकवर तर इतक्या बोलल्या की सुभद्राबाई कंटाळून म्हणाली, "तो न्यूट्रान सापडला की न्हाई एकदा?" मंडप हसला. राजपालचा पाय एवढा हलत होता की शेजारची खुर्ची वाजायला लागली.

तेव्हा मागच्या बाजूनं श्रीपतराव आले. एका काखेत गुंडाळी, दुसऱ्या हातात तांब्या. स्टेजवर चढले, माईक हातानं बाजूला सारला.

"फोटो म्या नेला होता," ते म्हणाले. "माझा होता, म्याच नेला. त्या पोरीचा काडीचा संबंध न्हाई."

मग त्यांनी फोटो उलगडला आणि नाकावर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. अडखळत, मधेच कन्नडात जात. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींच्या घरात कुणी तिप्पा, कुणी उकिर्डा, कुणी दगडू होऊन गेला होता.

"अण्णा!" शिवराज बापावर ओरडला. "अट मोडली मग! एक्क्याण्णवचे न्हाईत तर भिंतीवर न्हाईत. रजिस्ट्री न्हाई!"

"अट माझी होती रे," श्रीपतराव म्हणाले. "मोडली बी म्याच. उद्या भालकीला येतो सही करायला. तुला यायचं तर ये, गाडी चालवायला."

अप्पांचा मोठा फोटो समोरच्या भिंतीवर लागला, पाण्याच्या माठाच्या वर, नाकातल्या भोकासकट. ती जागा नागनाथनं सुचवली, आणि फोटोखालच्या पाटीवर बसलिंगचंही नाव घालून घेतलं. एक्क्याण्णवच्या भिंतीवरचा पाचवा खिळा दीपमालाबाईंनी स्वतः उपटला आणि तिथं एक छोटी फळी ठोकून घेतली. फळीवर तांब्या. खाली पाटी: *वीरभद्र. चैत्र, फसली १३००. पाळण्यातच गेला.*

"पण ह्यानं केलं काय?" कुणीतरी विचारलं. "ह्या थोर लोकांत?"

"आईनं त्याचा तांब्या मोडू दिला न्हाई," सुभद्राबाई म्हणाली. "एवढं तुझ्याबद्दल कुणी करंल का, बघ."

रजिस्ट्री दुसऱ्या दिवशी झाली. गाडी शिवराजनंच चालवली, वाटभर मोबाईलकडं न बघता, हे श्रीपतरावांनी मुद्दाम सांगितलं.

आता कुणी काय भरलं? राजपाल उंबऱ्यात बसून मांडत होते. शिवराजचं दुकान गेलं. श्रीपतरावांची पुढची खुर्ची गेली. जयंतीला ते आपणहून दुसऱ्या रांगेत बसले, आणि पुढं या म्हटलं तर इथून चांगलं दिसतं म्हणाले. राजपालचं 'साहेबांनी तपासलंय म्हणजे बरोबर' हे गेलं. नागनाथ आता साध्या पावतीची नक्कल देतानाही विचारतो, "साहेब, माणूस तोच हाय ना, बघून घ्या." पाळण्यातल्या वीरभद्रानं वर्ष दिलं होतं, नाव दिलं होतं. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षांनी वीतभर फळी परत मिळाली.

एवढ्यावर त्यांनी हिशेब मिटवला असता. पण परवा पहाटे ते फिरायला निघाले तर वाचनालयाच्या पायरीवर चार-पाच पोरं-पोरी पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली.

"उघडून आत बसा की. किल्ली दाराच्या चौकटीवर हाय."

"न्हाई आबा," एक पोरगी म्हणाली. "प्रेरणाक्का किल्ली गळ्यात घालून जाती आता. ती आल्याबिगर उघडत न्हाई."

शिवराजनं तिची माफी मागितली नव्हती. बसस्टँडवरच्या दोघी पुन्हा हाका मारायला लागल्या होत्या, आणि ती ओ द्यायची, पण थांबायची नाही.

राजपालनी हात वर करून चौकटीवरून फिरवला. धूळ लागली. मग तेही पोरांच्या शेजारी पायरीवर बसले, नातीची वाट पाहत.